मुद्दाम ठेवलेली पट्टी

त्यांना सगळे पट्टीताई म्हणत. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटे, बाई पूर्वी शाळेत असणार आणि पोरांच्या हातावर पट्ट्या ओढत असणार. तसं काही नव्हतं. ताईंच्या झेरॉक्स मशीनशेजारी एक पत्र्याचा डबा असे आणि त्यात पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या. काही बोटभर रुंद, काही दोन बोटं, काही अगदी नखाएवढ्या. कागद काचेवर पालथा घालण्याआधी ताई तो उजेडात धरत, वरून खाली नजर फिरवत, आणि मग डब्यात हात घालत. टाचणीच्या गंजाचा डाग, फायलीला लावायला पाडलेली भोकं, घडीची रेघ, कुणाच्या कपाचं वर्तुळ, जे काही कागदाचं स्वतःचं नाही असं त्यांना वाटे, त्यावर पट्टी बसे. वर झाकण. हिरवा उजेड इकडून तिकडे सरके आणि बाहेर येई ती प्रत मूळ कागदाहून देखणी असे. जुनी गिऱ्हाइकं म्हणत, पट्टीताईंकडून कागद आंघोळ करून येतो.

दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. आत मशीन, मशीनला चिकटून ताई, आणि फळकुटापलीकडे जग. जिन्याच्या उतारामुळे उंच माणसाला तिथे मान झुकवूनच बोलावं लागे. तुझ्याशी सगळे इतके नम्र का वागतात ते मला आत्ता कळलं, असं ताईंचा नवरा पहिल्याच दिवशी म्हणाला होता. त्याला बावीस वर्षं झाली, आणि हा विनोद त्याने अजून सोडलेला नाही.

दुसऱ्या मजल्यावर परदेशाच्या व्हिसाचे अर्ज भरून देणारा एक एजंट बसे. त्याला सगळे फॉर्मभाऊ म्हणत. त्याच्याकडून माणसं हातात लांबलचक यादी आणि तोंडावर प्रश्नचिन्ह घेऊन जिना उतरत ती थेट ताईंपुढे. पासपोर्टची सगळी पानं, कोरी धरून. बँकेचे सहा महिन्यांचे उतारे. लग्नाचा दाखला पाठपोट. ताईंना त्या याद्या पाठ होत्या. फॉर्मभाऊ एखादी गोष्ट सांगायला विसरला तर त्या वरच्या मजल्याकडे बोट करून म्हणत, "त्यांना विचारून या, भाड्याच्या करारावर साक्षीदाराचा पत्ता लागतो. ते हो म्हणतील."

या स्वच्छतेच्या वेडामागे एक जुनी जखम होती. एकोणिसाव्या वर्षी ताईंनी एका कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी अर्ज दिला होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून शाळेच्या दाखल्याची प्रत काढली, ती न बघताच जोडली. दुकानदाराने काच पुसलेली नव्हती. कुणाच्या तरी तेलकट अंगठ्याचा काळा ठसा नेमका जन्मतारखेवर उमटला. खिडकीतला माणूस म्हणाला, वय दिसत नाही, दुसरी आणा. दुसरी घेऊन येईतो खिडकी बंद झाली होती, आणि ती त्या वर्षाची शेवटची तारीख होती. पुढे ताई हे फार शांतपणे सांगत, पण सांगताना त्यांचा हात नकळत काचेवरून फडकं फिरवत असे.

तर अशा या ताईंकडे एके दिवशी सकाळी घड्याळवाले काका आले आणि त्यांच्यामागे त्यांची सून.

काकांचं दुकान समोरच्या रस्त्यावर, दोन कपाटांच्या मध्ये बसवलेलं. उजव्या डोळ्याला भिंग लावून तीस-पस्तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून त्यांचा तो डोळा कायम जरा बारीक झालेला, त्यामुळे ते साधं "बरं आहे ना" विचारत तरी संशय घेतल्यासारखं वाटे. मुलगा परदेशात एका शीतगृहात कामाला. लग्नाच्या सुट्टीवर आला, लग्न झालं, नोंदणी झाली, आणि एकविसाव्या दिवशी परत गेला. त्याला आता दीड वर्ष होत आलं होतं. बायकोला नेण्यासाठीचा अर्ज आत्ता कुठे भरता येत होता. काकांची बायको कधीच गेलेली, त्यामुळे घरात सासरा आणि सून अशी दोघंच. काकांनी सगळे कागद बिस्किटाच्या डब्यात ठेवले होते, प्रत्येकाला तारखेची चिठ्ठी लावून.

यादीत एकतीस गोष्टी होत्या. मूळ कागद पाठवायचे नव्हते, फक्त प्रती. आणि प्रत्येक प्रतीखाली अर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहायचं होतं, मूळ कागदाबरहुकूम खरी प्रत, आणि खाली सही.

सून लग्नाआधी कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होती. बसायची ताठ आणि बोलायची सरळ. ताई एकेक प्रत पुढे सरकवत होत्या, ती लिहून सही करत होती. लग्नाच्या दाखल्याची प्रत हातात आल्यावर ती क्षणभर थांबली आणि हसली.

"ताई, आमचं लग्न एवढं चकाचक नव्हतं हो. मांडवात दोनदा लाईट गेले होते."

"लाईट गेलेले प्रतीत येत नाहीत," ताई म्हणाल्या, आणि काकांसकट तिघंही हसले. तिने सही केली.

आठ आठवड्यांनी ती एकटीच आली. हातात फाईल होती, पण ती काढायची तिला घाई नव्हती. दोन गिऱ्हाइकं होईपर्यंत बाजूला उभी राहिली. मग एक पत्र फळकुटावर ठेवलं.

पत्र वरच्या फॉर्मभाऊने तिला समजावून सांगितलं होतं, तेच तिने ताईंना सांगितलं. लग्नाच्या दाखल्यावर तारीख खोडून दुरुस्त केलेली आहे. एकोणीसची सोळा. त्या दुरुस्तीवर अधिकाऱ्याची सही किंवा शिक्का प्रतीत कुठेही नाही. तरी अर्जदाराने तीस दिवसांत खुलासा करावा, नाहीतर खोटी प्रत खरी म्हणून सादर केली असं धरून अर्ज निकाली काढला जाईल.

"आणि सही तर आहे," सून म्हणाली. तिने मूळ दाखला काढला. "ही बघा ना. इथे."

डाव्या समासात, फायलीच्या दोन भोकांच्या मध्ये, गंजाच्या डागाला खेटून एक फिकट जांभळी खूण होती. लहानसा गोल शिक्का, अर्धा उठलेला, आणि त्यावर दोन अक्षरांची तुटक सही. लिहिणाऱ्याने तारीख चुकवली आणि तिथल्या तिथे सुधारून बाजूला सही ठोकली, इतकंच. शाई इतकी पुसट, की पाहणाऱ्याला वाटावं शिक्क्याच्या गादीवरचं बोट लागलं असेल.

ताईंनाही तेच वाटलं होतं.

त्यांना ती पट्टी आठवली. दोन बोटं रुंद, वरपासून खालपर्यंत. भोकं, गंज आणि तो जांभळा डाग, तिन्ही एकदम झाकले जातील म्हणून मुद्दाम रुंद निवडलेली.  त्यांचा हात काचेवरून फडकं फिरवू लागला.

सून बोलतच होती. नवीन प्रत पाठवावी, तर फॉर्मभाऊ म्हणतात, आता ती सही दिसली की ते विचारणार, आठ आठवड्यांपूर्वी नव्हती ती आज कुठून आली? मागाहून मारली म्हणतील. नोंदणी कचेरीत बाबा दोनदा जाऊन आले. त्या वर्षीची वही बांधणीला गेलीय, दोन-तीन महिने मिळायची नाही. बारा दिवस असेच धावपळीत गेले. हे सगळं ती सपाट आवाजात सांगत होती, दुसऱ्या कुणाची हकीकत असावी तशी. मग फाईल बंद करता करता म्हणाली,

"काल त्यांनी फोनवर विचारलं, तारखेचं तू काही केलंस का? रागावून नाही, साधंच विचारलं. एकवीस दिवस राहिलो हो आम्ही एकत्र. त्यांना तरी कसं कळणार, मी काय करीन आणि काय नाही."

ताई म्हणाल्या, फाईल ठेवून जा, उद्या सकाळी ये, मी बघते. एवढंच. ती जिन्याखालून बाहेर पडली आणि ताईंनी पुढच्या गिऱ्हाइकाचा कागद काचेवर उलटाच घातला, छापील बाजू वर करून. बाहेर कोरं पान आलं.

दुपारी त्या वर गेल्या. फॉर्मभाऊ माणूस वाईट नव्हता. फक्त आयुष्यभर दुसऱ्यांच्या वतीने लिहून लिहून त्याला प्रत्येक गोष्ट कुठल्या रकान्यात बसते एवढंच दिसे. ताईंनी झालं ते सांगितल्यावर त्याने आधी दार लोटून घेतलं. मग खालच्या आवाजात समजावलं, की ताईंनी यात नाव घालू नये. मशीनमध्ये बिघाड होता, डावी कड नीट उठली नाही, असं एका ओळीत लिहू. मशीनची अब्रू जात नाही. तुमची गेली तर आजवर इथून गेलेल्या सगळ्या फायलींवर लोक संशय घेतील, आणि त्या माझ्याही फायली आहेत, हेही तो म्हणाला, पण जरा थांबून.

बोलणं शहाणपणाचं होतं. ताई मान डोलावत जिना उतरल्या. खाली येऊन मशीनपुढे उभ्या राहिल्या. या मशीनने बावीस वर्षांत, म्हणजे याने आणि याच्या आधीच्या दोघांनी, एकदाही काही झाकलं नव्हतं. समोर ठेवलं ते दाखवलं. माशी ठेवली तर माशी. कागदाचं काय आणि घाणीचं काय, हे ठरवत होता तो ताईंचा हात. आणि त्यांना त्याचाच अभिमान होता.

संध्याकाळपर्यंत त्या मनातल्या मनात जुन्या फायली उलटत राहिल्या. एका म्हातारीच्या वारसाच्या कागदावर कोपऱ्यात पेन्सिलीने काहीतरी होतं. काय होतं? एका पोराच्या गुणपत्रिकेवर पाठीमागून काही उमटलं होतं, तिथे मागचं झिरपून दिसू नये म्हणून पाठीला काळा कागद लावून ते घालवलं. पाठीमागे काय लिहिलं होतं, ते उलटून पाहिलं होतं का? आठवेना. ज्यांचं काही अडलं ते परत आले नाहीत, म्हणून कुणाचंच अडलं नाही असं त्या समजत आल्या होत्या.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होता आणि त्याच्या हिशेबी जगातली प्रत्येक अडचण गळती तरी असते नाहीतर तुंबलेली तरी. त्याने विचारलं, "त्या पोरीला ठाऊक आहे?" ताई नाही म्हणाल्या. "मग तिला वाटत असेल, आपलंच काही चुकलं," एवढं बोलून तो पाणी प्यायला उठला.

सकाळी दोघं आली, सासरा आणि सून. ताईंनी दुकानाची फळी अर्धीच उघडली होती. त्यांनी डब्यातून दोन बोटं रुंद पट्टी काढली, मूळ दाखल्याच्या डाव्या कडेवर ठेवली आणि म्हणाल्या, "हे मी केलं."

सुनेला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं, असं ताईंना वाटलं.

"काल सांगितलं नाहीत."

"नाही सांगितलं."

"मी काल तुमच्यासमोर सगळं बोलले. त्यांच्या फोनचंसुद्धा." तिने पट्टी उचलली, उलटसुलट पाहिली. "दोन आठवडे मी स्वतःलाच विचारतेय, सही करताना मी बघितलं कसं नाही. खरी प्रत म्हणून माझ्या हाताने लिहिलं ना मी."

"तू बघितलंस त्यात काही चुकीचं नव्हतं. मी तुला दिसूच दिलं नाही."

काका इतका वेळ त्या पट्टीकडे बारीक डोळ्याने बघत होते. ते काहीतरी कडक बोलतील म्हणून ताई वाट पाहत होत्या. पण ते सुनेकडे वळून सांगू लागले. दुकान नवं होतं तेव्हाची गोष्ट. एका माणसाचं जुनं घड्याळ दुरुस्तीला आलं, मागचं झाकण ओरखड्यांनी भरलेलं. दुरुस्तीबरोबर झाकणही घासून लख्ख करून दिलं, वर एक पैसा घेतला नाही. त्या माणसाने घड्याळ उलटं केलं आणि बसलाच खाली. ओरखड्यांमध्ये त्याच्या वडिलांनी खिळ्याने कोरलेली तारीख होती.

"मग?" सुनेने विचारलं.

"मग काय. परत कोरता येतं का? घड्याळ घेऊन गेला. पुन्हा आला नाही." काका ताईंकडे वळले. "तुमचं बरं आहे. तुमचा मूळ कागद शाबूत आहे. आता तो दाखवायचा कसा, ते तुम्ही सांगा. धंदा तुमचा."

ते ताईंनी रात्रभर ठरवून ठेवलं होतं. त्यांनी काच पुसली आणि तीन प्रती काढल्या. पहिली दाखल्याची, जसा आहे तशी. भोकं, गंज, शिक्का, सगळ्यासकट. दुसरी पांढरी पट्टी ठेवून, आणि ती पत्रासोबत परत आलेल्या जुन्या प्रतीशी तंतोतंत जुळली. कारण मधल्या घडीच्या रेघेचं एक टोक पट्टीच्या बाहेर किंचित डोकावत होतं, तसंच ते जुन्या प्रतीतही डोकावत होतं. तिसऱ्या प्रतीसाठी त्यांनी काळा कागद घेतला, त्याची त्याच मापाची पट्टी कापली आणि त्याच जागी ठेवली. बाहेर आलेल्या पानाच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत काळा ठोकळा उभा होता. नेमकं कुठे झाकलं गेलं ते आता आंधळ्यालाही दिसलं असतं.

सुनेने तिन्ही पानं शेजारी शेजारी लावली.  मग म्हणाली, "चला वर."

फॉर्मभाऊने तीन प्रती पाहिल्या आणि त्याला त्या आवडल्या, हे त्याला लपवता आलं नाही. टंकायला बसला. ताई सांगत होत्या, तो परदेशी भाषेत उतरवत होता आणि परत आपल्या भाषेत वाचून दाखवत होता.

"सदर खूण माझ्या हातून चुकून झाकली गेली," त्याने वाचलं.

"चुकून नाही," ताई म्हणाल्या. "मुद्दाम झाकली."

"ताई, मुद्दाम हा शब्द अशा कागदावर घालायचा नसतो."

"मग दुसरा शब्द शोधा. पण चुकून म्हणजे पट्टी वाऱ्याने उडून पडली असं होतं. मी बघितलं, घाण आहे असं ठरवलं, आणि झाकलं. प्रत चांगली दिसावी म्हणून. हे त्यांना कळलं नाही तर ते म्हणतील, पट्टी नेमकी तिथेच कशी पडली?"

फॉर्मभाऊने थोडा विचार केला. हे मात्र त्याच्या रकान्यात बसत होतं. त्याने लिहिलं, की प्रत स्वच्छ दिसावी या हेतूने मी स्वतः पांढरी पट्टी ठेवली, खुणेचा अर्थ मी विचारला नाही, आणि अर्जदाराला याची कल्पना नव्हती. ताईंनी शेवटचं वाक्य त्याला पुन्हा वाचायला लावलं. मग खाली सही केली, दुकानाचा शिक्का मारला, पत्ता लिहिला. जिन्याखाली, असंही लिहिलं.

सून सगळ्यांत शेवटी खुर्चीवरून उठली. तिने ताईंचे आभार मानले नाहीत. मानण्यासारखं काही नव्हतंच. फक्त जिना उतरताना म्हणाली, "आज त्यांना फोन केला की हे सगळं सांगते. तीन प्रतींचं. त्यांना आवडेल."

उत्तर नऊ आठवड्यांनी आलं. खुलासा मान्य. पुढची तारीख मिळाली, मग त्याच्या पुढची, आणि ऋतू पालटायच्या आत ती गेली. जाण्याआधी पासपोर्टच्या प्रती काढायला ताईंकडेच आली. प्रत्येक पान मुळाशी ताडून पाहिलं आणि मगच घेतलं. ताईंनाही ते बरं वाटलं.

फॉर्मभाऊने म्हटलं तसं काही अंशी झालंच. गोष्ट पसरली. काही माणसं आता यादी घेऊन जिना उतरली की पट्टीताईंना ओलांडून रस्त्यापलीकडे जात. जी येत त्यांना ताई कागद उजेडात धरून विचारत, हे काय आहे? आणि हे? माणसं वैतागत. एकाने विचारलं, झेरॉक्स काढताय की चौकशी करताय? पट्ट्यांचा डबा मात्र जागेवरच होता. कपाची वर्तुळं काही कमी झाली नव्हती.

काही महिन्यांनी घड्याळवाले काका एक कागद घेऊन आले. वहीतून फाडलेलं पान, चार कोपऱ्यांना चिकटपट्टीचे उरलेले तुकडे. अक्षर सुनेचं. कुठल्या डब्यात काय, गॅस झोपताना खालून बंद करायचा, एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, चव घेतल्याशिवाय पुन्हा मीठ घालायचं नाही. पान तेलाने जागोजागी पारदर्शक झालेलं, एका ओळीवर ओलं बोट फिरलेलं, खालचा कोपरा करपून तपकिरी.

ताईंचा हात सवयीने डब्याकडे गेला. अर्ध्यावर थांबला.

"काका, डाग ठेवायचे की काढायचे?"

काकांनी बारीक डोळ्याने कागद न्याहाळला. "ती गेली तेव्हा हा कोरा करकरीत होता. हे सगळं नंतरचं. ठेवा. ही प्रत तिलाच पाठवायचीय."

"तिचंच लिहिलेलं आहे ना? तिला पाठ असेल."

"वाचायला नाही हो पाठवत. मी रोज सांगतो फोनवर, घरी करून जेवतो. विश्वासच ठेवत नाही ती. म्हणते, बाबा, तुम्ही बाहेरचंच खाता. आता पुरावा नको का?"

ताईंनी मशीनचा गडदपणा एक घर वाढवला, डाग नीट उठावेत म्हणून. प्रत बाहेर आली. तेल, ओलं बोट, करपलेला कोपरा, सगळं जागच्या जागी. काकांनी पेन मागितलं, पान फळकुटावर सरळ केलं, आणि घड्याळवाल्याच्या मुंगीएवढ्या अक्षरांत खाली लिहिलं, मूळ कागदाबरहुकूम खरी प्रत. मग मान वाकवूनच सही केली.